वैशूचा दाखला आणि माझा एक ओळखीचा माणूस

शालन,

तुला जाऊन एकवीस दिवस झाले आणि दुकान उघडून आज चौथा दिवस. पहिल्या दिवशी शटर वर केलं, पण आत पाय टाकवेना. समोरच तुझं लोखंडी स्टूल, त्यावर तू जुन्या साडीची शिवलेली उशी, शेजारी बॉलपेनांचा डबा. त्यातल्या एका काळ्या पेनाचं झाकण उघडं राहिलेलं. इतकी वर्षं तू मला ऐकवत आलीस, "झाकण लावत जावा, शाई वाळती." आणि शेवटचं झाकण तूच विसरलीस. मी पेन कागदावर ओढून बघितलं. चालत होतं.

लोक तुझ्याबद्दल खूप चांगलं बोलले. विहारातली मंडळी वंदना घेऊन गेली, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अर्धी वारूळवाडी आली होती. ज्यांची पोरं तू भरलेल्या फॉर्मवर कॉलेजात गेली, ती माणसं लांबून लांबून आली. प्रत्येक जण मला धीर देत होता आणि मी मान हलवत होतो. पण मला तुझ्याशी वेगळंच बोलायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. ते मिटलं. कसं मिटलं ते तुला सांगितल्याशिवाय मला करमणार नाही, आणि खरं सांगतो, शालन, मला हलकं वाटतंय. बायको गेल्यावर तीन आठवड्यांत नवऱ्यानं असं म्हणणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण तुझ्यापुढे बरं दिसायची माझी वेळ केव्हाच गेली.

जून लागला की आपलं दुकान म्हणजे जत्रा असायची. आठ बाय दहाची जागा, एक झेरॉक्सचं मशीन, आणि बाहेर एसटी स्टँडापर्यंत बारावी पास झालेली पोरं आणि त्यांचे आईबाप. पिंपळवंडीचे, ओझरचे, पार मंचरकडचेसुद्धा. मी झेरॉक्स काढायचो आणि तू फॉर्म भरायचीस. तू अकरावीपर्यंत शिकलेली, पण अक्षर असं की जुन्नरच्या तहसील कचेरीतला कारकून म्हणायचा, "हा नारायणगावच्या बाईंचा फॉर्म दिसतोय, घ्या आत." डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, कशाला काय जोडायचं ते सगळं तुला तोंडपाठ. बाप मधेच बोलायला लागला की तू पेन उचलायचीस. "पावणं, तुमी जरा गप बसा. पोराला विचारलंय मी. त्याला काय व्हायचंय?" मग पोरगं बापाकडे बघायचं, बाप छताकडे बघायचा, आणि तू पेन वर धरून तशीच बसायचीस, पोरगं बोलेपर्यंत.

ओझरची ती बाई आठवते का? विघ्नहराला फॉर्म दाखवून आणला होता तिनं. आत दूर्वा ठेवलेल्या, आणि चारही कोपऱ्यांना हळदकुंकू. कुंकू घसरून थेट मार्कांच्या रकान्यात गेलं होतं. मी ओरडणार होतो. तू मला डोळ्यांनी थांबवलंस आणि तिला म्हणालीस, "मावशी, देवाला दाखवला ते चांगलं केलं. पर आता ह्यो फॉर्म देवापाशीच ठिवा. हापिसासाठी आपण दुसरा भरू." बाई खूश होऊन गेली. तू गेल्यावर ती आली होती. तिचा मुलगा आता शिक्षक आहे. ओट्यावर बसून बराच वेळ नुसती डोळे पुसत होती.

दुसऱ्यांच्या चुका तू अशा झाकायचीस. माझी तर तू अंगावरच घेतलीस.

त्या वर्षी वैशू बारावीला होती. आपल्या घरातलं पहिलंच पोर बारावी सायन्सला. वर्षभर तू पहाटे उठून तिच्याबरोबर बसायचीस. तिच्या पुस्तकातलं तुला काही कळायचं नाही, तरी स्वेटर विणत बसायचीस, म्हणजे पोरीला एकटं वाटू नये. निकाल लागला तेव्हा मी पेढे आणायला गेलो आणि तू तिच्या अभ्यासाचं स्टूल पुसून ठेवलंस. त्या काळी बारावीच्या मार्कांवरच इंजिनिअरिंगचे प्रवेश व्हायचे. मेरिटचा नंबर यायचा, मग पुण्याला बोलावणं. तिथं कागद तपासायचे, फळ्यावर कुठल्या कॉलेजात किती जागा उरल्या ते लिहिलेलं असायचं, आपली पाळी आली की जागा निवडायची. वैशूला कॉम्प्युटर पाहिजे होतं, आणि तेही पुण्यात. तिचा नंबर अगदी काठावर होता. तू नंबरांचा हिशोब मांडून म्हणालीस, "मिळंल. शेवटची का हुईना, मिळंल."

आणि त्याच महिन्यात मी लॅमिनेशनचं मशीन आणलं होतं.

आख्ख्या स्टँडावर तसलं मशीन आपल्याकडेच. मला काय वाटत होतं आणि काय नाही! ओळखपत्रं, पास, दुकानांचे परवाने, दिसेल तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालायला निघालो होतो. तुला मी मशीनला हात लावू देत नव्हतो, "भाजशील" म्हणून. खरं म्हणजे माझं कौतुक मलाच करायचं होतं. कागद बाहेर आला की मी चारही कोपरे छोट्या कात्रीनं गोल कापायचो. तू म्हणायचीस, "सरळ कापलं तर काय बिघडतं?" मी म्हणायचो, टोक बोटाला लागतं, कामात सफाई पाहिजे.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तू घरी डबा करत होतीस आणि वैशू तिच्या मावशीकडे गेली होती. मी दुकानात तिची फाईल लावत बसलो होतो. बाहेर जुलैची झड. मनात आलं, उद्या एसटीची खिडकी गळणार, फाईल भिजणार. कागदांत सगळ्यात देखणा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर कॉलेजचा गोल शिक्का, प्राचार्यांची हिरव्या शाईतली सही. मी तो आधी घेतला. मशीनमधून तो असा काही चकचकीत बाहेर आला की मी दोनदा उजेडात धरून बघितला. कोपरे गोल कापले. मग दहावीची मार्कशीट उचलली आणि तेवढ्यात लाईट गेली. त्या दिवशी विजेच्या खात्यानं आपल्यावर किती उपकार केले ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. नाहीतर सगळी फाईल मी अशीच मारून ठेवली असती.

सकाळी पुण्यात, कागद तपासायच्या टेबलावर, चष्मेवाल्या बाबूनं दाखला उचलला आणि पालथा केला. मग आमच्याकडे बघितलं. "हे कोणी केलं?"

"काय झालं, साहेब?" तू विचारलंस.

"अहो, ओरिजनल आहे हा. मागच्या बाजूला आमचा शिक्का आणि शेरा मारायचा असतो. प्लास्टिकवर शिक्का बसतो का? आणि खरा-खोटा कागद ओळखायचा कसा? नवीन दाखला घेऊन या."

"आज?"

"आणा केव्हाही. जागा राहिली तर मिळेल." आणि त्यानं पुढच्याला हाक मारली.

आपण बाहेर पायरीवर आलो. फळ्यावर वैशूला पाहिजे असलेल्या कॉलेजापुढे दोन जागा दिसत होत्या. तू पर्समधून सेफ्टी पिन काढून प्लास्टिकची कड उचकटायला लागलीस, हळूहळू, जिभेचं टोक दातात धरून. अर्धं निघालं आणि त्याच्याबरोबर कागदाचा वरचा पदरही निघाला. गोल शिक्का प्लास्टिकला चिकटून बाहेर आला. वैशू ते बघत होती.  तिनं विचारलं, "पण कोणी केलं हे? कोणी सांगितलं होतं?"

मी तोंड उघडलं होतं, शालन. देवाशपथ म्हणायची आपल्यात रीत नाही, पण तोंड उघडलं होतं. त्याच्या आत तू म्हणालीस, "मी केलं. पावसात भिजंल म्हनून मीच केलं."

वैशू तुझ्याकडे वळली. मग एवढंच म्हणाली, "तू लोकांचे फॉर्म भरतेस ना गं?" आणि उठून नळाकडे गेली. मी मूग गिळून उभा.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आधी झाडलं. दुसरा दाखला हरवल्यावर देतात, असल्या शहाणपणावर नाही, असं म्हणाले. मग दिला. जुन्यावर ते "रद्द" लिहायला गेले तर पेन प्लास्टिकवरून घसरलं. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला, "घ्या, घरी ठेवा आठवण." आपण धावत पुण्याला पोचलो. फळ्यावर त्या कॉलेजापुढे शून्य होतं. कॉम्प्युटर उरलं होतं ते थेट विदर्भात, रेल्वेची एक रात्र गेली की पोचायचं. वैशूनं फळ्याकडे एकदाच बघितलं आणि तेच घेतलं. तिला पोचवून आपण परत आलो तेव्हा घरात तिची शाळेची चप्पल दारात होती. तू ती उचलून कपाटात ठेवलीस.

मग पत्रं सुरू झाली. पंधरा दिवसांनी एक आंतरदेशीय, दुकानाच्या पत्त्यावर. "प्रिय पप्पा." जेवण कसं आहे, मेसची डाळ कशी पाण्यासारखी, वर्गात मुली किती, सबमिशन काय असतं. तुझ्यासाठी एक ओळ नाही. "आईला नमस्कार" एवढंही नाही. तू समोर स्टुलावर बसून कोणाचा तरी फॉर्म भरत असायचीस आणि मी मोठ्यानं वाचायचो. शेवटाकडे येताना तुझं नाव कुठंच दिसायचं नाही. मग मी मनानंच एक ओळ घालायचो. "आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जपून राहा." पुढच्या पत्रात, "आईच्या हातच्या भाकरीची आठवण येते." तू मान वर न करता "हं" म्हणायचीस. एकदा विचारलंस, "एवढंच लिवलंय?" मी म्हणालो, "कागद संपला असंल तिचा." मला वाटायचं, मी किती हुशार.

दिवाळीनंतर त्या ओळी खऱ्याच यायला लागल्या. पहिल्यांदा आली तेव्हा मी दोनदा वाचली, विश्वास बसेना. मला वाटलं, पोरीचा राग निवळला, काळ हेच औषध. तेव्हापासून मी निवांत झालो. निवांत म्हणजे काय, आतून कुरतडणं चालूच होतं, पण भूक लागायला लागली.

मग मी ती पाटी लावली. ‘ओरिजनल कागदपत्रांचे लॅमिनेशन करून मिळणार नाही.’ लोक भांडायचे. "पैशे देतोय ना राव, तुझं काय जातंय?" मी सांगायचो, "माझ्या एका ओळखीच्या माणसाचं लई नुकसान झालंय ह्यात." आणि तू स्टुलावरून, मान खाली घालून, लिहिता लिहिता जोड द्यायचीस, "लई शहाणा माणूस व्हता तो." लोक हसायचे. मी तुझ्याकडे बघायचो, तू फॉर्मकडे बघायचीस. वर्षातून तीस-चाळीस वेळा तरी हे चालायचं. घरी चहा पितानासुद्धा तू मधेच विचारायचीस, "तुमच्या त्या ओळखीच्या माणसाचं काय चाललंय वो?" एकदा तर मी चिडून चहाचा कप तसाच ठेवून उठलो होतो. तू माझा चहा पिऊन टाकलास.

आणि तेच आपलं भांडण. मी म्हणायचो, वैशूला सांगतो. तू म्हणायचीस, नका सांगू. तिची नोकरी लागली तेव्हा म्हणालो, आता सांगतो. "नोकरी लागलीय, तिला कामात डोकं लावू द्या." लग्न ठरलं तेव्हा म्हणालो. "लग्नाच्या घरात हे कशाला?" नात झाली तेव्हा तर तू कारणही दिलं नाहीस, नुसता हात हलवलास. मी एकदा म्हणालो होतो, "शालन, पोरीनं तुझ्यावर राग धरला, माझ्यापायी." त्यावर तू जे बोललीस ते मला जसंच्या तसं आठवतं. "आईवर राग धरला तरी पोरी परत येत्यात. बापावर धरला की गप व्हत्यात. परक्या गावात पोरीला एक बाप तरी खात्रीचा पायजे."  बोलायचं होतं की खात्रीचा बाप असा नसतो. ते राहून गेलं. या वर्षी होळीला पुन्हा मी विषय काढला, तर तू म्हणालीस, "बघू दिवाळीला." आणि मे संपायच्या आत तू निघून गेलीस.

दहाव्या दिवशी ग्रामपंचायतीतून निरोप आला, मृत्यूच्या नोंदीला तुझा काही कागद लागेल, शाळेचा असला तर बरं. मी आणि वैशू लोखंडी पेटी उघडून बसलो. जावई नातीला घेऊन पुण्याला परत गेले होते, वैशू रजा वाढवून थांबली होती. पेटीत तुझ्या साड्यांखाली दुधाची रिकामी पिशवी, आणि पिशवीत तो दाखला. अर्धा उचकटलेला, वैशूचं नाव शाबूत, शिक्क्याच्या जागी खरवडलेलं पांढरं. तू तो जपून ठेवला होतास हे मला माहीतच नव्हतं. मी टाकून दिला असता.

दाखला वैशूच्या हातात होता आणि मी बोललो. बोललो म्हणजे बाहेर पडलं. "वैशू, तो आईनं नाही केला. मी केला होता. आदल्या दिवशी दुकानात. मी तिथं उभा होतो आणि काही बोललो नाही."

तिनं दाखला पालथा केला, सुलटा केला. म्हणाली, "माहितीये, पप्पा."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. पहिल्या दिवाळीला मी घरी आले होते ना, तेव्हा तुम्ही कोणाचा तरी एसटीचा पास करत होता. चारही कोपरे गोल कापले. मी दाखला बघितला होता, पायरीवर. त्याचेही कोपरे गोल होते. आई सरळ कापते. ती वहीचा कागदसुद्धा पट्टी लावून सरळ कापते."

तू त्या वेळी घरी करंज्या तळत होतीस म्हणे. वैशू दुकानातून धावत घरी आली आणि म्हणाली, पप्पांनी केलं ना? तू झारा तेलात तसाच धरून म्हणालीस, "कळलं ना? मग झालं. त्यास्नी कळू देऊ नको. बापाला पोरीम्होरं मान खाली घालाया लावायची नसती." मग वैशू तुझ्या गळ्यात पडून रडली आणि एक करंजी करपली. ती करंजी मलाच मिळाली असणार. त्या वर्षीची एक कडू लागली होती, मला आठवतंय.

आणि पुढचं ऐक, म्हणजे तुला माहीतच आहे, पण मला तर नव्हतं ना. वैशू म्हणाली, "आईनं मला आणखी एक सांगितलं. म्हणाली, पत्रात माझ्यासाठी एक ओळ लिहीत जा. तुझ्या पप्पांना मनानं बनवाया लई तरास व्हतो."

मी पेटीच्या काठावरच बसलो. पोस्टमन पत्र तुझ्या हातात द्यायचा. तू ते आधी उघडून वाचायचीस म्हणे, दुकानातल्याच डिंकानं परत चिकटवायचीस आणि माझ्या टेबलावर ठेवायचीस. मग मी नसलेली ओळ वाचायचो आणि तू "हं" म्हणायचीस. चार महिने. तुला पोरीचा एक शब्द येत नव्हता हे तुला माहीत होतं, आणि मी तो शब्द बनवतोय हेही माहीत होतं, आणि तू दोन्ही गिळून माझं वाचन ऐकत होतीस. शालन, त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो. तुला ते आवडायचं नाही, माहीत आहे, तरी मानतो.

पण मग चिडलोही. म्हणजे इतकी वर्षं तू माझ्याशी ज्यावर भांडत होतीस, ते तू पहिल्याच दिवाळीला मिटवून टाकलं होतंस! मी झोपेत कुशी बदलतोय, आणि तुम्ही दोघी मायलेकी माझ्या पाठीमागे निवांत! मी वैशूला म्हणालो, "मग मला एवढं का छळलं तिनं? ओळखीचा माणूस, ओळखीचा माणूस करून?"

वैशू हसायला लागली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. "मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, त्यांना टोचणी आहे तेच बरं आहे. त्यामुळं गावच्या पोरांची ओरिजनलं वाचतात."

आता यावर माणसानं काय करावं? मी पण हसलो.

मग जे विचारायचं राहिलंच होतं, ते मी तिला विचारलं. "पुण्याची जागा गेली माझ्यामुळं. वाईट वाटलं असंल." तिनं लगेच "छे छे" म्हटलं नाही, ते बरं केलं. म्हणाली, "वाटलं. पहिले सहा महिने लई वाटलं. होस्टेलवर पांघरुणात रडायचे. नंतर मैत्रिणी झाल्या, काम आवडायला लागलं. पुण्यात असते तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, पप्पा. जे झालं त्यात माझं चांगलं चाललंय." एवढंच. मला एवढंच पुरे होतं. इतकी वर्षं मी मनात मोठमोठी भाषणं तयार केली होती, एकही लागलं नाही.

त्याच दुपारी फोटोवाला आला, तुझा मोठा फोटो करायचा म्हणून. नम्रपणे विचारतो, "भाऊ, वहिनींच्या फोटोला फ्रेम करू का लॅमिनेशन?" मी वैशूकडे बघितलं, वैशूनं माझ्याकडे. आणि दोघांना असं हसू फुटलं की आवरेना. फोटोवाला बिचारा पायात चपला घालून उभा, आत बसलेल्या तुझ्या बहिणी डोळे वटारून बघतायत, दहावा दिवस आणि बापलेक हसतायत. शेवटी वैशूच म्हणाली, "फ्रेम करा, दादा. आमच्याकडे ओरिजनलला लॅमिनेशन करत नाहीत."

तर असं मिटलं. मला तुझ्या समोर बसून हे ऐकायचं होतं, तुझं तोंड बघायचं होतं. पकडली गेलीस की तू पदरानं उगाच टेबल पुसायचीस, ते बघायचं होतं. ते तेवढं राहिलं, त्याला इलाज नाही.

आज दुकानात गर्दी होती. निकाल लागलाय ना. फॉर्म भरायला कोण आहे म्हणून लोक स्टुलाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघून गप्प व्हायचे. दोन दिवस मी परत पाठवले. आज वैशू माझ्याबरोबर आली होती. खिरेश्वरकडची एक मुलगी एकटीच आली, डोमिसाईलचा फॉर्म हातात, कसा भरायचा कळेना तिला. वैशूनं मला काही विचारलं नाही. तुझी उशी झटकली, स्टुलावर बसली आणि डब्यातलं काळं पेन घेतलं.

तेवढ्यात पिंपळवंडीचे एक गृहस्थ आले. बरोबर पोरगी, दोन वेण्या घातलेली, हातातली बारावीची मार्कशीट छातीशी धरलेली. "भाऊ, हे पोरीचं तेवढं प्लास्टिकमधी घालून द्या. पयला नंबर आलाय शाळंत."

मी पाटीकडे बोट दाखवलं.

"आवं पैशे देतो की राव. एकदाच तर करायचं हाय. घरात उंदरं लई झाल्यात."

नेहमीचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं. माझ्या एका ओळखीच्या. तिथंच ते अडकलं. समोर ती पोरगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "पावणं, मी माझ्या पोरीचा दाखला असाच केला व्हता. माझ्या ह्या हातानं. तिची पुण्याची जागा गेली."

   गृहस्थानं पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आणि स्टुलावरून, मान खाली घालून, लिहिता लिहिता, वैशू म्हणाली, "लई शहाणा माणूस व्हता तो."

तुझ्याच सुरात, शालन. पुण्यात एवढी वर्षं काढलेली पोर, तुझ्याच सुरात. गृहस्थ हसला, पोरगी हसली, मी मशीनचं झाकण उघडून आत काहीतरी शोधल्यासारखं केलं. वळून बघितलं तेव्हा त्यांनी मार्कशीट परत फाईलमध्ये सरकवली होती, आणि वैशू फॉर्म पुरा करून त्या खिरेश्वरच्या मुलीला सही कुठं करायची ते दाखवत होती. मग तिनं पेनाचं झाकण लावलं.